तार जोडणारा हात

यंत्रमानव हा शब्द कानी पडला की बहुतेक घरांत दोनच भाव उमटतात. मुलांचे डोळे लकाकतात आणि मोठ्यांच्या कपाळाला आठी पडते. मुलांना त्यात चित्रपटातला पोलादी वीर दिसतो. मोठ्यांना त्यात आपल्या लेकरांच्या हातची नोकरी काढून घेणारा कोणी परका दिसतो. ह्या कौतुकाचे आणि ह्या भयाचे मूळ एकच असावे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. ज्या वस्तूच्या पोटात काय आहे हे आपण कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते, तिच्यापुढे माणूस एकतर भाबडा होतो, नाहीतर भित्रा.

'रोबो' हा शब्द जगाला एका नाटकाने दिला. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिले आणि १९२१ साली ते प्राग येथे रंगभूमीवर आले. कारखान्यात घडविल्या जाणाऱ्या कृत्रिम कामकऱ्यांना नाव काय द्यावे, असा प्रश्न नाटककारास पडला असता त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी 'रोबोट' हा शब्द सुचविला. चेक भाषेतील 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने विनामोबदला राबणे. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : वेठ. म्हणजे ज्याला आपण 'यंत्रमानव' असे भारदस्त नाव दिले, त्याचे जन्मनाव 'वेठबिगार' असे आहे. आणि जिथे वेठबिगार असतो तिथे त्याला वेठीला धरणारा कोणीतरी असतोच, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आम्ही उभयता आता साठी ओलांडलेली. वसईच्या आमच्या घरी आमच्यासह चार पिढ्या एका छपराखाली नांदतात. २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बारा वर्षांच्या नातीने हट्ट धरला, की तिला स्वतःच्या हाताने रोबो करायचा आहे. शाळेतील कोणा मैत्रिणीकडे तिने तो पाहिला होता. आम्हांला तिचा हट्ट गोड वाटला. मात्र आमच्या बाबांना, म्हणजे तिच्या पणजोबांना, तो मुळीच रुचला नाही. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. "त्या वस्तूंनी माणसांच्या चुली विझवल्या. पोरीच्या हाती ते खेळणं नको," एवढेच बोलून ते ओटीवर जाऊन बसले.

बाबांच्या ह्या बोलण्यामागे त्यांचे अर्धे आयुष्य होते. मुंबईच्या एका कापड गिरणीत ते साचेखात्यात फिटर होते. पहाटेची गाडी धरून ते परळला जात आणि अंगाला तेलाचा व सुताचा वास घेऊन रात्री परतत. साच्याचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. पुढे गिरणीत आपोआप कांडी बदलणारे नवे साचे आले. पूर्वी एका विणकराकडे दोन साचे असत. आता एकाच माणसाकडे त्याहून कितीतरी अधिक सोपविले जाऊ लागले आणि बाकीचे घरी बसले. ते नवे साचे जागेवर बसविणाऱ्यांत बाबाही होते. त्यानंतर जानेवारी १९८२ चा तो संप आला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. बाबाही त्यांतलेच. त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली, केळीच्या वाडीत कुदळ धरली, आणि त्या दिवसापासून कोणत्याही यंत्राला हात लावला नाही. घरातला मिक्सर बिघडला तरी ते तोंड फिरवीत.

अशा घरात आम्ही रोबो करावयास बसलो. आमच्या अनुभवाचा कोणा कुटुंबास उपयोग व्हावा म्हणून त्याची रीत येथे जरा विस्ताराने सांगतो.

पहिला रोबो माणसासारखा दिसणारा नसावा. दोन पायांवर तोल सांभाळणे हे मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही घाम फोडणारे काम आहे. नवशिक्याने चाकांची गाडी करावी, आणि तीसुद्धा संगणकावाचून चालणारी. आम्ही निवडली ती उजेडाकडे वळणारी गाडी. तिला लागणारे साहित्य असे : वहीएवढी प्लायवूडची फळी, गिअर बसविलेल्या दोन छोट्या पिवळ्या मोटारी व त्यांची चाके, पुढे कोणत्याही दिशेला फिरणारे एक कॅस्टर चाक, पेन्सिल सेलचा चार सेलांचा डबा, प्रकाश ओळखणारे दोन रोध, ज्यांना दुकानात एलडीआर म्हणतात, टीआयपी १२२ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचे दोन रोध, दहा किलोओहमचे फिरवून कमीजास्त करता येणारे दोन प्रीसेट, दोन डायोड आणि तारा. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हे सारे एका फेरीत मिळते. आमचा एकंदर खर्च पाचशे रुपयांच्या आत राहिला.

आता हिची करामत पाहा. एलडीआर ही बोराच्या बीएवढी चकती. अंधारात ती विजेला जवळजवळ अडवूनच धरते. उजेड पडताच वाट मोकळी करते. परंतु तिच्यातून जाणारी वीज इतकी थोडी असते, की तीवर मोटार फिरणार नाही. म्हणून मधे ट्रान्झिस्टर घालावयाचा. पाटाच्या पाण्याला अडविणारी फळी एका बोटाने उचलता येते, पण तिच्यामागून सारे पाणी धावते; ट्रान्झिस्टरचे काम तसेच. एलडीआरमधून आलेली नाममात्र वीज त्याची फळी उचलते आणि सेलांतील मोठा प्रवाह मोटारीला मिळतो. किती उजेडाला फळी उचलली जावी, हे प्रीसेट फिरवून ठरविता येते. मोटार थांबताना उलटा झटका देते, त्यापासून ट्रान्झिस्टरला वाचविण्यासाठी डायोड. गाडीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर दोन एलडीआर, म्हणजे तिचे दोन डोळे. डाव्या डोळ्याची तार उजव्या मोटारीला आणि उजव्या डोळ्याची डाव्या मोटारीला जोडावयाची. उजेड डावीकडे असेल तर उजवे चाक जोरात फिरते, आणि गाडी आपसूक डावीकडे, उजेडाच्या दिशेने वळते. एवढेच तिचे सारे शहाणपण.

जोडणी प्रथम ब्रेडबोर्डवर करावी. त्या भोकांच्या पट्टीत तारा नुसत्या खोचता येतात, काढता येतात. सोल्डरिंगची घाई नको. पहिल्या दिवशी गाडी सरळ जात नाही, हे नवशिक्यांनी गृहीतच धरावे. एक चाक पुढे आणि एक मागे फिरले, तर त्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल करावी. गाडी एकाच बाजूला ओढली, तर प्रीसेट फिरवून दोन्ही डोळे सारखे करावेत; कारण एकाच पुडीतले दोन एलडीआरही जुळ्या भावंडांसारखे दिसतात, पण स्वभावाने सारखे नसतात.

आमच्या गाडीचे डावे चाक मात्र काही केल्या अडखळत होते. नात तिन्हीसांजेपर्यंत तारा तपासत बसली. ओटीवरून बाबांचा आवाज आला, "बाय, तारेत काही नाही. चाक फळीला घासतंय. आवाज ऐक की." तिने कान लावला. खरेच, प्रत्येक फेऱ्याला एक बारीक खरखर होती, आणि ती आमच्यापैकी कोणालाही ऐकू आली नव्हती. बाबा उठले. माळ्यावरची पेटी खाली काढण्यास त्यांनी सांगितले. कानस, पक्कड, पाने, सारे तेलकट फडक्यात गुंडाळलेले जसेच्या तसे होते. थरथरत्या हाताने त्यांनी एक लहानसा वायसर शोधून काढला आणि तो चाकामागे कसा सरकवायचा हे नातीला दाखविले. खरखर थांबली.

त्यानंतर ओटी हेच आमचे कार्यशाळेचे ठिकाण झाले. मोटारीला गिअर कशाला हवा, ह्या नातीच्या प्रश्नाला बाबांनी रहाटाची गोष्ट सांगून उत्तर दिले. आमच्या वाडीतल्या विहिरीवर त्यांच्या लहानपणी रहाट होता. बैल जमिनीवर गोल फिरे. आडव्या दंतचक्राचे दात उभ्या चक्राच्या दातांत अडकून गाडग्यांची माळ वर येई. गती एका रूपात घ्यायची आणि आपल्याला हव्या त्या रूपात द्यायची, हे दंतचक्राचे काम. त्या पिवळ्या मोटारीत ते असेच चालते. आतील मोटार अठ्ठेचाळीस फेरे घेते तेव्हा चाकाचा एक फेरा पुरा होतो. वेग कमी होतो, पण त्या प्रमाणात जोर वाढतो. गिअरवाचून ती मोटार भिंगरीसारखी फिरेल, पण फळी ओढू शकणार नाही. नातीने वहीत रहाटाचे चित्र काढले आणि त्याच्या शेजारी मोटारीचे.

गाडी प्रथम चालली त्या संध्याकाळी आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि नातीने विजेरी धरली. विजेरीमागे गाडी घरभर फिरली. नात टाळ्या पिटून म्हणाली, "तिला उजेड आवडतो!" आम्हीही क्षणभर तसेच म्हणालो असतो. ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर ह्या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास 'एल्मर' आणि 'एल्सी' ही दोन यांत्रिक कासवे बनविली, तेव्हा पाहणाऱ्यांनाही असेच वाटले होते. प्रत्येक कासवात अवघ्या दोन व्हॉल्व्हचा मेंदू होता. तरीही ती दिव्याचा शोध घेत, अडथळ्याला वळसा घालत, आणि बॅटरी उतरू लागली की दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात परतून ती भरून घेत. बघणारा म्हणे, कासवाला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक प्रयोग केला. गाडीत नवे काहीही न घालता दोन तारांची जागा बदलली : डावा डोळा डाव्या मोटारीला, उजवा उजव्या मोटारीला. आता विजेरी दाखविताच तीच गाडी तोंड फिरवून कपाटाखालच्या अंधारात पळू लागली. काल जिला उजेड आवडत होता, तिला आज उजेडाचे भय वाटू लागले. मेंदूचे अभ्यासक व्हालेंतिनो ब्राइटेनबर्ग यांनी 'व्हेईकल्स' ह्या १९८४ सालच्या पुस्तकात हाच विचार मांडला आहे. दोन डोळे आणि दोन चाके ह्यांच्यातील तारा सरळ की फुलीसारख्या, आणि उजेडाने वेग वाढतो की कमी होतो, एवढ्याच फरकाने गाडी भित्री, आक्रमक किंवा प्रेमळ भासते. भाव मात्र पाहणाऱ्याच्या मनात असतो. गाडीत असते ती तार.

बाबा हे सारे टक लावून पाहत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी तीच. तारा कोणी बदलल्या ते बघा." आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, "साचाही तोच होता. एका माणसाकडे किती साचे द्यायचे, हे काही साच्याने ठरवलं नव्हतं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी एक दोषारोप उराशी बाळगला होता, यंत्रावर आणि ते यंत्र बसविणाऱ्या स्वतःच्या हातांवर. पाचशे रुपयांच्या लाकडी गाडीने त्या दोषाचा थोडा भार त्यांच्या हातांवरून उतरविला आणि जिथला तिथे नेऊन ठेवला. यंत्र वेठबिगार आहे; त्याला काय करावयास लावायचे आणि त्याच्या कमाईतून कोणाची चूल पेटवायची, हे ठरविणारे मन दुसऱ्या कोणाचे तरी असते. हा धडा आम्हांस कोणत्याही व्याख्यानातून इतका स्पष्ट मिळाला नसता.

ह्या विचाराला आपल्या धार्मिक परंपरेतही एक नमुना सापडतो. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संग्रहालयात सोळाव्या शतकातील एक यांत्रिक संन्यासी आहे. उंची सुमारे पंधरा इंच, देह लाकडाचा व लोखंडाचा. सम्राट पाचवा चार्ल्स याचा घड्याळजी हुआनेलो तुरिआनो हा त्याचा कर्ता असावा, असे मानले जाते. चावी दिली की तो चालतो, मान डोलावतो, ओठ हलवितो, उजव्या हाताने छातीवर ठोके मारतो आणि डाव्या हातातील क्रूस व जपमाळ उंचावतो. पश्चात्तापाची सारी लक्षणे त्याच्यात आहेत. पश्चात्ताप मात्र नाही. तो वेळेवर आणि न चुकता हालचाल करतो, पण त्याला प्रार्थना म्हणता येत नाही. ती असलीच तर त्याला घडविणाऱ्या कारागिराची असेल. कधीकधी मिस्सेत आमचे ओठ हलत असतात आणि मन बाजारात असते, तेव्हा ह्या लाकडी संन्याशाची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहत नाही.

असो. पहिल्या गाडीनंतर दुसरी पायरी संगणकीय नियंत्रकाची. इटलीतील इव्हरेआ ह्या गावी २००५ साली काही अध्यापकांनी विद्यार्थ्यांना परवडेल अशी एक नियंत्रक पट्टी तयार केली आणि गावातल्या एका मद्यगृहाच्या नावावरून तिला 'आर्डुइनो' हे नाव दिले. तिची रचना सर्वांना खुली असल्यामुळे आज तिच्या स्वस्त प्रती कोठेही मिळतात. तिच्या 'उनो' ह्या प्रसिद्ध पट्टीची कार्यस्मृती अवघी दोन किलोबाइट. त्यात आमचा हा लेखसुद्धा मावणार नाही. तरीही जमिनीवर चिकटविलेल्या काळ्या पट्टीवरून गाडी नेण्यास तेवढी पुरते. मात्र येथे पट्टी आणि मोटार यांच्यामध्ये एल २९८ सारखा चालक भाग हवाच, कारण मोटारीला लागणारी वीज नियंत्रकाच्या आवाक्यातली नसते.

भिंत ओळखण्यासाठी नातीने वटवाघळाची युक्ती वापरली. आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज भिंतीकडे सोडायचा आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा जाऊन येण्यास एका सेकंदाचे दोन सहस्रांश लागले, तर भिंत चौतीस सेंटिमीटरवर आहे. शाळेत रुक्ष वाटणारा वेग, वेळ आणि अंतर यांचा हिशेब ह्या गाडीला भिंतीवर आदळण्यापासून वाचवितो, हे तिने स्वतः पाहिले. तिला गणित आवडू लागले असे आम्ही म्हणत नाही. पण 'हे कशाला शिकायचे' हा प्रश्न तिने त्यानंतर विचारलेला नाही.

आज्ञावली लिहिताना आणखी एक गोष्ट मुलांच्या अंगी बाणते. 'भिंत आली की थांब' असे आपण मनात म्हणतो; गाडीला मात्र किती अंतरावर, किती वेळ आणि त्यानंतर काय, हे सारे सांगावे लागते. तिला आपला हेतू कळत नाही, केवळ आपला शब्द कळतो. शब्दात राहिलेली उणीव ती इमानेइतबारे पार पाडते. स्वतःचे म्हणणे स्वतःलाच नीट उमगले आहे की नाही, हे तपासून पाहण्याची ह्याहून परखड शाळा आम्हांस ठाऊक नाही.

पालकांसाठी चार सूचना. घरातल्या विजेच्या प्लगचा प्रवाह ह्या खेळात कधीही आणू नये. सेलांवरच काम करावे. लिथियमचे सेल नवशिक्याच्या हाती देऊ नयेत. त्यांची दोन टोके जोडली गेली तर आग लागू शकते. सोल्डरिंग खिडकीजवळ, मोठ्या माणसाच्या देखत, आणि नंतर हात धुऊन. चौथी सूचना थोडी निराळी : सारे भाग आधीच जुळवून दिलेला महागडा संच आणण्यापूर्वी घरातले एखादे मोडके खेळणे मुलांना उघडू द्यावे, सेल मात्र आधी काढून. आणि पाना-पक्कड मुलग्याच्या हाती व झाडू मुलीच्या हाती, ही वाटणी आता आपल्या घरांतून जावी. आमची नात आज बाबांची कानस बाबांइतक्याच ऐटीत धरते.

आपल्या धर्मग्रामात पूर्वीच्या पिढीत फिटर, टर्नर, सुतार, होड्या बांधणारे, रेल्वेच्या कारखान्यांत राबलेले असे कितीतरी कसबी हात होते. त्यांतले काही अजून आपल्या ओट्यांवर बसलेले आहेत. त्यांना आर्डुइनो येत नाही. परंतु चाक कशाने घासते ते येते, आणि ते कोणत्याही पडद्यावर शिकता येत नाही. सुट्टीतल्या चार दुपारी मुले आणि हे वृद्ध एका सतरंजीवर बसले, तर दोघांनाही मिळण्यासारखे पुष्कळ आहे.

आज यंत्रे बोलू लागली आहेत, लिहू लागली आहेत. उद्या ती आणखी काय करतील ह्याची चर्चा घरोघरी चालते. त्या चर्चेत आमच्या नातीने वाटा उचलावा अशी आमची इच्छा आहे, आणि तो तिने एका साध्या प्रश्नाने उचलावा. कोणी तिला सांगितले, की 'यंत्रानेच तसे ठरवले', तर तिने शांतपणे विचारावे : तार कोणी जोडली होती? आणि उद्या जोडणारा हात तिचाच असला, तर हाच प्रश्न तिने आधी स्वतःला विचारावा.